कच्चा चुना

मातीबाईंनी दोन्ही टाक्यांवरची झाकणं काढून भिंतीला टेकवली आणि डावीकडच्या टाकीत लाकडी दांडा तळापर्यंत घातला. चुना लोण्यासारखा होता. कितीतरी महिने पाण्याखाली मुरलेला. दांडा वर काढला तेव्हा त्याला जाडसर, चकचकीत चिकटून आला. उजवीकडची टाकी नवी होती. तिच्यातला चुना गेल्याच आठवड्यात पाण्यात विरवलेला. वरून पाहता दोन्हींत काडीचा फरक नव्हता, पण इथे दांडा फिरवला की तळाशी करकर लागत होती. न विरलेले बारीक खडे होते ते. असा चुना भिंतीला लागला की खडे आतल्या आत ओल पीत राहतात, फुगतात, आणि काही दिवसांनी गिलाव्याची एकेक खपली उडवून बाहेर पडतात.

वर्गातल्या एक सोडून सगळ्या बाकांच्या बादल्या बाईंनी डावीकडच्या टाकीतून भरल्या. शेवटची तेवढी उजवीकडच्या. तिच्यावर खडूने चाराचा आकडा घातला, दोन्ही झाकणं जागच्या जागी बसवली, हात धुतले आणि शेडचं दार उघडायला गेल्या.

वास्तुरचनाकारांच्या संघटनेचे हे वर्ग होते. परवाना पुढे चालू ठेवायचा तर दर काही वर्षांनी प्रत्येकाला नवं काहीतरी शिकून दाखवावं लागे, आणि यंदाचा विषय होता निसर्गाला जड जाणार नाही असं बांधकामाचं साहित्य. माती, चुना, बांबू, गवताचे गठ्ठे. त्यामुळे एरवी पडद्यावर रेघा ओढणारी माणसं आठवडाभर इमारतीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बाह्या सरसावून चिखल तुडवत. बाकागणिक दोघांनी मिळून मातीच्या भिंतीचा एक तुकडा उभा करायचा, त्याला चुन्याचा गिलावा करायचा, आणि शेवटच्या दिवशी बाहेरून येणारा परीक्षक तो तपासणार. पहिल्याच तुकडीने शिकवणाऱ्या बाईंचं मातीबाई करून टाकलं होतं, आणि ते बाईंनीही खुशाल अंगाला लावून घेतलं होतं.

"म्हणजे बाई, आठवडाभर तुम्ही आम्हाला चुना लावणार म्हणा की!" पहिल्या दिवशी पुढच्या बाकावरचे एक टकले गृहस्थ म्हणाले होते.

"लावणार. पण सांगून लावणार," बाई म्हणाल्या होत्या, आणि शेड हसली होती.

त्याच दिवशी चौथ्या बाकावर त्यांची नजर गेली आणि हसू ओठांवरच वाळलं. तिथे काचवाले बसले होते.

सगळा व्यवसाय त्यांना याच नावाने ओळखे. शहरातले सगळ्यांत उंच काचेचे मनोरे त्यांचे. केस आता पांढरे झाले होते, पण मान तशीच किंचित मागे, समोरचं सगळं लांबून पाहिल्यासारखी. शेजारी त्यांच्या कार्यालयातली सहायिका होती. तिचाही परवाना यंदाच पुढे चालू करायचा होता. काचवाल्यांनी उठून बाईंशी हात मिळवला. "छान. फार महत्त्वाचं काम करताय तुम्ही," ते म्हणाले, आणि बाईंचा हात हातात असतानाच डाव्या हाताने फोन पाहू लागले.

त्यांनी ओळखलं नव्हतं.

बाई तिशीच्या आत होत्या तेव्हा याच माणसाच्या कार्यालयात नोकरीला होत्या. एका वाचनालयाचं काम आलं होतं, आणि मातीच्या भिंतींची कल्पना बाईंची होती. माती ठासून उभ्या केलेल्या हातभर जाडीच्या भिंती, आणि त्यांच्यावर चुना, कारण चुन्यातून भिंत श्वास घेते. नकाशावर त्यांनी तसं स्पष्ट लिहिलंही होतं. पण उद्घाटनाची तारीख ठरली, मोठी माणसं येणार होती, आणि चुन्याला वाळायला वेळ लागतो. बाई दुसऱ्या कामावर असताना काचवाल्यांनी सगळीकडे सिमेंटचा गिलावा मारून घेतला. परत आल्यावर बाई त्यांच्या खोलीत जाऊन भांडल्या. "ओल आत कोंडेल, सर." "काही होत नाही," ते म्हणाले होते. भिंतीने दोन वर्षं कळ काढली. मग आतून चिखल झालेली पश्चिमेची बाजू एका दुपारी खाली बसली, आणि पुस्तकं लावत असलेल्या ग्रंथपाल बाईंचं कंबरेचं हाड मोडलं.

चौकशीत काचवाले शांतपणे म्हणाले, "गिलावा ठरवण्याचं काम हिच्याकडे होतं."

एवढंच. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. समितीतल्या माणसांनी माना डोलावल्या, कारण त्या माणसाकडे पाहून माना डोलवायची त्यांना सवय होती. बाईंचा परवाना काढून घेतला गेला. तो परत मिळाला तोवर त्यांना काम द्यायला कोणी धजत नव्हतं. ग्रंथपाल बाईंना भेटायला त्या दवाखान्यात गेल्या, तेव्हा त्यांच्या मुलाने दारातूनच परत पाठवलं. ते दार बाईंना अजून दिसे. लोकांच्या अंगणात मातीचे ओटे, कुंपणं, कोंबड्यांची खुराडी बांधत बांधत त्या या शेडपर्यंत पोचल्या होत्या.

आणि आता तो माणूस त्यांच्या चौथ्या बाकावर येऊन बसला होता, त्यांच्या हातून पास व्हायला.

गिलाव्याच्या दिवशी बाईंनी नेहमीप्रमाणे बजावलं, "समोर आलेलं सामान आधी बोटांत चोळून बघा. कोणी दिलंय यावर जाऊ नका. मी दिलं असलं तरी." हे वाक्य त्या दर तुकडीला सांगत. त्या दिवशी सांगताना त्यांना वाटलं, झालं, आपली बाजू साफ झाली. जो बघेल तो वाचेल. ज्याने आयुष्यात कधी हात घालून पाहिलं नाही, तो नाही वाचणार. यात लबाडी कसली?

काचवाल्यांनी चुन्यात बोट घातलं नाही. हातमोजेही घातले नाहीत. थापी सहायिकेच्या हातात होती. ते बाजूला उभे राहून फोनवर कोणाला तरी ओरडत होते. मध्येच सहायिका थांबली, त्यांच्याकडे वळून काहीतरी म्हणाली. त्यांनी हात हवेत उडवला. ती पुन्हा भिंतीकडे वळली.

बाई पाठ करून दुसऱ्या बाकाकडे गेल्या.

"कोणाचा काटा काढायला निघालीयस?" संध्याकाळी वन्सं म्हणाल्या.

वन्सं शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्या होत्या. बाईंचे यजमान गेल्यापासून नणंदभावजय एकत्र राहत. सगळ्या जगाचं नाक कुठे वाकडं आहे ते वन्सं एका नजरेत सांगत, आणि भावजयीचं तर त्यांना पाठ होतं.

"काही नाही हो."

"पोळीवर राग काढतेयस ते दिसतंय. लाटणं मोडेल."

बाईंनी लाटणं खाली ठेवलं. "तो आलाय, वन्सं. माझ्या वर्गात."

वन्संना कोण म्हणून विचारावं लागलं नाही. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

"ओळखलं?"

"नाही."

"म्हणजे तेच जास्त झोंबलं."

तव्यावरची पोळी उलटायची राहिली, ती वन्संनी पुढे होऊन उलटली.

"एकटाच आलाय?"

"हाताखालचं कोणीतरी आहे बरोबर. थापी धरायला."

"सांभाळून गं," वन्सं म्हणाल्या. "तुझं डोकं तापलं की तुला समोरचं दिसत नाही. तुझ्या लग्नात आमच्या मामांना तू वाढपी समजली होतीस."

एरवी बाई हसल्या असत्या.

पुढचे दिवस तुकड्यांवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं होतं. ते काम बाई स्वतः करत. चौथ्या तुकड्यापाशी त्यांचा हात रेंगाळे. एका सकाळी गुळगुळीत पांढऱ्या अंगावर त्यांना मुगाएवढा एक फोड दिसला. नखाने टोकरला तर खपली निघाली आणि आत पांढरी पूड. बाईंना कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. त्यांनी तुकड्यावर आणखी पाणी शिंपडलं. जरुरीपेक्षा जास्तच.

परीक्षक म्हणजे कमी बोलणारे, जाड भिंगांचे एक वयस्कर अभियंता होते. ते बाकाबाकाशी थांबत, बोटाच्या पेराने गिलावा ठोकत, कान लावून ऐकत. चौथ्या बाकाशी आल्यावर त्यांना ठोकावं लागलं नाही. तुकड्याला देवी आल्यासारखं दिसत होतं. सगळ्या अंगभर खळगे.

मागची कुजबुज थांबली. सगळे पाहत होते. काचवाल्यांचा तुकडा!

बाई दोन पावलं मागे उभ्या होत्या. त्यांचं वाक्य तयार होतं. सामान न बघता काम उरकलं की असं होतं, आणि भिंत नाव बघत नाही. हे त्या परीक्षकांना सांगणार होत्या, अगदी शांतपणे, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग वाचनालयाचं नाव घेणार होत्या.

"हे कसं झालं?" परीक्षकांनी विचारलं.

काचवाले पुढे झाले. त्यांनी खळग्यातून बोट फिरवलं, पूड अंगठ्यावर चोळली, आणि बाजूला उभ्या सहायिकेकडे मान वळवली. चेहऱ्यावर राग नव्हता. थोडी दिलगिरी होती, जशी मोठ्या माणसाला हाताखालच्यांबद्दल वाटते.

"चुन्याचं हिच्याकडे होतं," ते म्हणाले. "मी सगळं तिच्यावर सोपवलं होतं. माझंच चुकलं म्हणा, इतका विश्वास टाकायला नको होता."

कोणीतरी समजुतीने हुं केलं. टकल्या गृहस्थांनी मान डोलावली.

सहायिकेने आपल्या हातांकडे पाहिलं, आणि ते एकात एक गुंतवून पुढे धरले. परीक्षकांनी तिच्याकडे भिंगांतून पाहिलं आणि कागदावर काहीतरी टिपलं. "मग या मॅडमना पुन्हा वर्ग करावा लागेल. तोवर परवाना थांबेल," ते म्हणाले, आणि पाचव्या बाकाकडे सरकले.

बाईंच्या तोंडातलं वाक्य तसंच राहिलं. त्या शेडमधून सामानाच्या खोलीत गेल्या आणि थाप्या पुसू लागल्या. त्या आधीच पुसलेल्या होत्या.

थोड्या वेळाने दारात सावली आली.

"मॅडम, येऊ?"

सहायिका आत आली. डोळे कोरडे होते. तिशी उलटलेली, केस घट्ट बांधलेले, कपाळाला चुन्याचा एक वाळलेला ठिपका.

"माझं नेमकं कुठे चुकलं ते सांगाल? पुन्हा तसं व्हायला नको. मी चुना चाळला नाही म्हणून का?"

"तुला खडे लागले होते?" बाईंनी विचारलं.

"लागले ना. थापीखाली करकर होत होती. सरांना म्हटलं, बदलून आणू का. ते म्हणाले, चालव, मला मीटिंगला जायचंय." ती क्षणभर थांबली. "पण थापी माझ्या हातात होती. म्हणजे मीच थांबायला हवं होतं."

बाईंच्या हातातली थापी थांबली. हे तर त्यांच्या मनातही आलं नव्हतं. खरं होतं, साक्षीसकट होतं, आणि त्यांना स्वतःला कुठेही ओढत नव्हतं. हाताखालच्या माणसाने सांगितलं आणि या माणसाने उडवून लावलं, तेव्हाही, आताही. एवढं एक परीक्षकांच्या कानावर घातलं की काचवाल्यांचं उरलंसुरलं तोंड काळं झालं असतं.

"चल," त्या म्हणाल्या. "हे बाहेर सांग. आत्ता. सगळ्यांसमोर."

"नाही, मॅडम."

"अगं, का?"

"मला सोमवारी त्याच कार्यालयात जायचंय. घरी मुलगा आहे, सासरे अंथरुणावर आहेत. तुम्ही मला फक्त चूक सांगा."

"तुझी चूक नाही."

"मग चुना का फुटला?" ती म्हणाली. खरंच विचारत होती. "मी मघापासून तोच विचार करतेय. पाणी जास्त झालं? वाळू ओली होती? काहीतरी मी केलं असणारच ना."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. चौकशी झाली तेव्हा त्या स्वतः रात्र रात्र जागल्या होत्या, पण आपण बरोबर होतो हे त्यांना ठाऊक होतं. तेवढ्याच्या जोरावर त्या जगल्या होत्या. या बाईकडे तेवढंही नव्हतं. ही आता आयुष्यभर प्रत्येक भिंतीपाशी उभी राहून आपलाच हात तपासत बसणार होती.

बाईंनी थापी खुंटीला अडकवली आणि त्या बाहेर गेल्या.

"साहेब, एक मिनिट," त्या परीक्षकांना म्हणाल्या. आवाज ठरवला होता त्यापेक्षा बारीक निघाला. "चौथ्या बाकाला कच्चा चुना मी दिला होता. जाणूनबुजून. यांचा काही दोष नाही. दोघांचाही."

शेडमध्ये कोणाच्या तरी हातातून गिलाव्याचा रंधा पडला.

परीक्षकांनी चष्मा वर सरकवला. "तुम्हाला कळतंय ना बाई, तुम्ही काय बोलताय? हे मला लिहावं लागेल."

"लिहा."

"पण का?" हा प्रश्न काचवाल्यांचा होता. ते पुढे आले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खराखुरा गोंधळ होता. "मी तुमचं काय वाकडं केलंय?"

हा प्रश्न ते विचारतील असं बाईंनी किती वर्षं योजलं होतं. अंघोळ करताना, चिखल तुडवताना, यजमानांच्या उशाशी बसून असतानासुद्धा. उत्तरं किती तयार होती.

"ते वाचनालय," त्या म्हणाल्या. "मातीच्या भिंतींचं."

काचवाल्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. मग त्या सुटल्या. "हां, ते! पडलं होतं ते." त्यांनी बाईंकडे पाहिलं, पहिल्यांदाच नीट पाहिलं. "तू होतीस होय ती? अरे वा. पण छान सावरलीस की तू. हे सगळं उभं केलंस." त्यांनी हात फिरवून शेड दाखवली, आणि बाईंच्या खांद्यावर हलकेच थोपटलं. मग परीक्षकांकडे वळून म्हणाले, "जाऊ द्या हो, फार ताणू नका. माणसाच्या हातून होतं."

आजूबाजूला सुस्कारे सुटले. काय मोठं मन, असं कोणीतरी हळूच म्हणालं. टकले गृहस्थ बाईंकडे असे पाहत होते की जणू त्यांना खरोखरच कोणी चुना लावला होता.

बाई तशाच उभ्या राहिल्या. खांद्यावर तो हात जिथे पडला होता तिथली जागा गरम लागत होती.

परीक्षकांनी लिहायचं ते लिहिलं. चौथ्या बाकाने पुढच्या आठवड्यात नवा तुकडा करायचा, तोवर कोणाचाच परवाना थांबवायचा नाही. बाईंनी संघटनेच्या कार्यालयाला भेटायचं, आणि तोपर्यंत वर्ग घ्यायचे नाहीत. लोक हात धुऊन, बॅगा उचलून एकेक करत निघाले. कोणी बाईंना नमस्कार केला, कोणी केला नाही.

काचवाल्यांची गाडी फाटकाशी लागली होती. सहायिका दोघांच्याही पिशव्या घेऊन निघाली, आणि अर्ध्या वाटेतून परत आली. बाईंना वाटलं, आभार मानेल. मानू नकोस म्हणायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलंही.

"तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत," सहायिका म्हणाली. "नाहीतर मी वेडी झाले असते."

"मला तुझं वाईट करायचं नव्हतं गं. तो मनुष्य—"

"माहितीय मला तो मनुष्य. नऊ ते सात रोज बघते मी." तिने एक पिशवी खांद्यावर नीट घेतली. आवाज चढलेला नव्हता. "त्या बाकावर आम्ही दोघं होतो, मॅडम. पहिल्या दिवसापासून."

बाईंची नजर चौथ्या बाकाकडे गेली.

फाटकातून हॉर्न वाजला. सहायिकेने तिकडे पाहिलं, मग पुन्हा बाईंकडे. घरातून, कामावरून, दवाखान्यातूनसुद्धा निघताना बाईमाणूस 'येते' म्हणतं. बाई त्याचीच वाट पाहत होत्या, 'ये' म्हणण्यासाठी.

"जाते," ती म्हणाली, आणि गेली.